अजिंक्यपदाचे स्थलांतर

जगातील सर्वांत बलवान मनुष्य कोण, असा प्रश्न विसाव्या शतकातील एखाद्या शाळकरी मुलाला विचारला असता, तर त्याने बहुधा मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटातील जगज्जेत्याचे नाव सांगितले असते. आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या अमेरिकनाचेच निघाले असते. हेवीवेट म्हणजे सर्वांत वरचा वजनी गट. त्याला वरची मर्यादा नाही. कोणीही कितीही धिप्पाड असला तरी तो या गटात उतरू शकतो. त्यामुळे या गटातील अजिंक्यपदाला इतर कोणत्याही अजिंक्यपदापेक्षा वेगळे तेज लाभले. जॅक डेम्प्सी, जो लुई, रॉकी मार्सियानो, महंमद अली ही नावे ज्यांनी मुष्टियुद्धाची एकही लढत पाहिली नाही, अशांच्याही कानांवरून गेलेली असतात.

या वर्चस्वाची व्याप्ती आकड्यांत पाहिली म्हणजे थक्क व्हावयास होते. आधुनिक अजिंक्यवीरांची परंपरा साधारणतः बॉस्टनच्या जॉन सलिव्हनपासून मोजतात. त्याने १८८२ मध्ये पॅडी रायनला पराभूत केले. तेव्हापासून १९७८ पर्यंत, म्हणजे शहाण्णव वर्षांत, अमेरिकेबाहेरच्या अवघ्या पाच जणांना हे पद लाभले: इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेला बॉब फिट्झसिमन्स, कॅनडाचा टॉमी बर्न्स, जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, इटलीचा प्रिमो कार्नेरा आणि स्वीडनचा इंगमार योहान्सन. या पाचही जणांच्या कारकिर्दी एकत्र केल्या तरी त्यांची बेरीज सुमारे नऊ वर्षे भरते. उरलेली सारी वर्षे अमेरिकेची.

आणि मग हे चित्र पालटले. २००७ च्या जूनमध्ये शॅनन ब्रिग्ज हा अमेरिकन मुष्टियोद्धा आपले पद रशियाच्या सुलतान इब्रागिमोवकडे गमावून बसला. त्या दिवसापासून २०१५ च्या जानेवारीपर्यंत, सुमारे साडेसात वर्षे, हेवीवेटच्या चार प्रमुख पट्ट्यांपैकी एकही पट्टा कोणा अमेरिकनाच्या कमरेला नव्हता. २०२४ च्या मे महिन्यात रियाध येथे हे चारही पट्टे प्रथमच एका हाती आले, तेव्हा तो हात युक्रेनच्या अलेक्सांद्र उसिकचा होता आणि त्याच्यापुढे हरलेला टायसन फ्युरी हा इंग्रज होता. लढतीचे स्थळ अरबस्तानात, विजेता पूर्व युरोपातला, पराभूत ब्रिटनचा. ज्या देशाने शतकभर हे पद आपल्या घरचे मानले, त्या देशाला या प्रसंगात जागाच उरली नव्हती.

असे का झाले? या प्रश्नाचे सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते. अमेरिकन तरुण सुखासीन झाला, त्याच्या अंगी पूर्वीची रग राहिली नाही, असे ते उत्तर. परंतु ते टिकणारे नाही. याच काळात अमेरिकेच्या धावपटूंनी, जलतरणपटूंनी आणि बास्केटबॉलपटूंनी ऑलिंपिकमध्ये पदकांची रास लावलेली आहे. तेव्हा राष्ट्राचे बाहू दुबळे झाले, असे म्हणता येत नाही. ते बाहू मुष्टियुद्धाकडे वळेनासे झाले, एवढेच म्हणता येते. ते पूर्वी का वळत आणि पुढे का वळेनासे झाले, यातच या ऱ्हासाचे मर्म आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. व्यावसायिक मुष्टियुद्धाचे माहेर अमेरिका नसून इंग्लंड होय. अठराव्या शतकात जेम्स फिग आणि जॅक ब्रॉटन यांनी तेथे या खेळाला घाट दिला. १७४३ मध्ये ब्रॉटनने पहिले नियम बांधले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्याला उठण्यासाठी दहा अंकांची मुदत हे ज्या नियमांमुळे रूढ झाले, ते १८६७ चे नियमही इंग्लंडातलेच असून मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने ओळखले जातात. पण नियम इंग्लंडने केले आणि अजिंक्यपद समुद्र ओलांडून गेले. ते ज्या जहाजांतून गेले, ती दुष्काळातून पळणाऱ्या माणसांची होती. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले आणि लक्षावधी आयरिश कुटुंबे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. बंदरांतील हमाली, बांधकामावरची मजुरी आणि गलिच्छ वस्त्यांतील बिऱ्हाडे हेच त्यांच्या वाट्याला आले. सलिव्हन हा अशाच एका आयरिश कुटुंबातला. १८८९ मध्ये त्याने मिसिसिपीच्या कडक उन्हात जेक किलरेनशी पंच्याहत्तर फेऱ्या उघड्या मुठींनी झुंज दिली आणि तो जिंकला. त्या विजयाने बॉस्टनच्या गल्ल्यांतील आयरिश पोरांना एक गोष्ट समजली: या नव्या देशात वर चढण्याची एक शिडी अशी आहे, की जिला शिक्षण लागत नाही, भांडवल लागत नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही.

त्या शिडीवरून एकामागून एक समाज चढत गेले. आयरिशांच्या मागून पूर्व युरोपातून आलेले ज्यू आले. १९१७ ते १९२५ या काळात हलक्या वजनाच्या गटावर राज्य करणारा बेनी लिओनार्ड हा न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतला होता. पुढे इटालियन आले. रॉकी मार्सियानो हा ब्रॉकटन गावातील जोड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या एका इटालियन मजुराचा मुलगा. व्यावसायिक जीवनात एकोणपन्नास लढती लढून आणि एकोणपन्नासही जिंकून तो १९५६ मध्ये निवृत्त झाला. एक समाज सुस्थितीला पोचला, त्याची मुले वकील, डॉक्टर, व्यापारी होऊ लागली, की त्या समाजातील मुष्टियोद्धे विरळ होत जात आणि त्यांच्या जागी खालच्या पायरीवरचा दुसरा समाज येई. अजिंक्यवीरांची यादी वाचणे म्हणजे एका दृष्टीने अमेरिकेतील दारिद्र्याचा पत्ता दर पिढीला कसा बदलत गेला, ते वाचणे होय.

या यादीत सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खडतर प्रकरण आहे ते कृष्णवर्णीयांचे. प्रारंभी त्यांना हेवीवेटच्या अजिंक्यपदासाठी लढूच दिले जात नसे. सलिव्हनने कृष्णवर्णीयांशी लढण्याचे उघडपणे नाकारले होते. जॅक जॉन्सनला आपली संधी मिळविण्यासाठी टॉमी बर्न्सचा पाठलाग करीत ऑस्ट्रेलियापर्यंत जावे लागले. १९०८ च्या डिसेंबरात सिडनी येथे तो पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याला नमविण्यासाठी निवृत्त जिम जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणण्यात आले. १९१० च्या ४ जुलैला रीनो येथे जॉन्सनने त्यालाही पराभूत केले, तेव्हा अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे प्राणास मुकली. पुढे १९१३ मध्ये जॉन्सनला एका खटल्यात दोषी ठरविण्यात आले. त्या खटल्यामागे वर्णद्वेष होता, हे मान्य होऊन त्याला मरणोत्तर माफी मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

जॉन्सननंतर वीस वर्षांहून अधिक काळ हे दार बंदच राहिले. ते उघडले जो लुईने. अलाबामातील कापसाच्या मुलुखातून त्याचे कुटुंब डिट्रॉइटला आले आणि तेथील एका सार्वजनिक क्रीडाकेंद्रात तो ठोसे मारावयास शिकला. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत लोळविले होते. १९३८ च्या २२ जूनला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा हिटलरच्या जर्मनीने श्मेलिंगच्या आधीच्या विजयाचा आपल्या वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी उपयोग करून घेतला होता. लढत दोन मिनिटे चार सेकंदांत आटोपली. ज्या देशाच्या अनेक राज्यांत लुईला गोऱ्यांच्या खाणावळीत बसून जेवता आले नसते, त्या देशाने त्या रात्री त्याला आपला राष्ट्रवीर मानले. तो बारा वर्षे अजिंक्य राहिला आणि त्याने पंचवीस वेळा आपले पद राखले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लुईच्या तरुणपणी एखाद्या धिप्पाड कृष्णवर्णीय मुलाला शरीरबळावर पैसा मिळवावयाचा असेल, तर त्याच्यापुढे दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. व्यावसायिक फुटबॉलचे मोठे संघ त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडू घेत नसत. ती बंदी १९४६ मध्ये मोडली. बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धांत जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये उतरला. व्यावसायिक बास्केटबॉलचे दार १९५० मध्ये उघडले. तोवर सारी गर्दी एकाच दाराशी होती. ज्या खेळाकडे एका संपूर्ण समाजातील उत्तमोत्तम शरीरसंपत्ती दुसरा मार्ग नाही म्हणून लोटली जाते, त्या खेळात त्या देशाचे वर्चस्व राहावे, यात आश्चर्य ते काय?

परंतु नुसती गरज पुरी पडत नाही. गरिबी तर जगात सर्वत्र आहे आणि सर्वत्र जगज्जेते निपजत नाहीत. गरजेला हात देणारी एखादी जागा लागते आणि त्या जागी एक जाणता वस्ताद लागतो. अमेरिकन अजिंक्यवीरांनी आपला पहिला धडा कोठे गिरविला, ते पाहावे. महंमद अली, म्हणजे तेव्हाचा कॅशियस क्ले, बारा वर्षांचा असताना लुईव्हिल येथे त्याची सायकल चोरीस गेली. चोराला ठोकून काढण्याची प्रतिज्ञा त्याने ज्या पोलिसापुढे केली, तो जो मार्टिन फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. जो फ्रेझर फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला होता आणि पोलिसांनी मुलांसाठी चालविलेल्या व्यायामशाळेत शिकत होता. सॉनी लिस्टनच्या हातांत मोजे चढले ते मिसुरीच्या तुरुंगात. जॉर्ज फोरमन हा प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिवारणाच्या मोहिमेतून निघालेल्या रोजगार-शिक्षण केंद्रात या खेळाकडे वळला. माइक टायसनची प्रतिभा दिसली ती एका सुधारगृहात. त्याला तेथून आपल्या घरी नेऊन घडविणारा कस डॅमाटो हा तोच वस्ताद, ज्याने तीस वर्षांपूर्वी फ्लॉइड पॅटर्सनला जगज्जेता केले होते. पॅटर्सन १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी, आणि टायसन १९८६ मध्ये विसाव्या वर्षी. एका माणसाच्या हाताखालून तीस वर्षांच्या अंतराने दोन सर्वांत तरुण जगज्जेते बाहेर पडले. दुसऱ्याचे यश पाहण्यास मात्र डॅमाटो उरला नव्हता. १९८५ मध्ये तो वारला होता.

अशा या व्यायामशाळांचे जाळे एके काळी अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत गल्लोगल्ली पसरलेले होते. कोल्हापूरची तालीम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे स्वरूप समजावून सांगण्याची गरज नाही. तालमीत शंभर पोरे घुमतात, तेव्हा त्यांतून दहा बरे निघतात आणि दहांतून एखादा नाव काढतो. तो एकजण शिकतो तो एकट्या वस्तादाकडून नव्हे. उरलेल्या नव्व्याण्णवांशी रोज झटून शिकतो. मुष्टियुद्धाचेही तसेच आहे. ठोसा कसा मारावा, हे महिन्याभरात सांगता येते. येणारा ठोसा डोळ्यांना दिसण्यापूर्वी अंगाने कसा ओळखावा, हे वर्षानुवर्षे नाना प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यांशी सराव केल्यावाचून येत नाही. शिवाय या व्यायामशाळांच्या जोडीला लहान लहान क्लब असत. तेथे दर आठवड्याला लढती होत. नवशिक्या योद्धा तेथे थोड्या पैशांवर लढे, हरे, पुन्हा उभा राही आणि हळूहळू पक्का होई.

या व्यवस्थेवर पहिला घाव घातला तो टेलिव्हिजनने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या घराघरांत टेलिव्हिजन आला आणि त्याला मुष्टियुद्ध फार मानवले. रिंगण लहान, माणसे दोनच, एकच कॅमेरा पुरे. वस्तरे विकणारी जिलेट कंपनी दर शुक्रवारी रात्री लढती दाखवू लागली. लक्षावधी लोक त्या पाहत, आणि खेळाची भरभराट झाली असे वाटे. प्रत्यक्षात बी-बियाणे खाऊन टाकण्याचा तो प्रकार होता. घरबसल्या उत्तम लढत फुकट दिसत असता गल्लीतील क्लबात पैसे देऊन नवशिक्यांची झुंज पाहावयास कोण जाणार? एकामागून एक क्लब बंद पडले. जाहिरातदारांना धडाकेबाज योद्धे हवे असत. म्हणून कच्च्या तरुणांना वेळेपूर्वीच पडद्यावर आणले जाई आणि एक-दोन पराभवांनंतर दूर लोटले जाई. या खेळाचा मार्मिक भाष्यकार ए. जे. लीब्लिंग याने १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच टेलिव्हिजनला या ऱ्हासाबद्दल दोषी धरले होते. न्यूयॉर्कची प्रख्यात स्टिलमन व्यायामशाळाही १९६० च्या सुमारास इतिहासजमा झाली. १९६२ च्या मार्चमध्ये एमिल ग्रिफिथशी लढताना बेनी पॅरेट हा योद्धा टेलिव्हिजनसमोर बसलेल्या असंख्य कुटुंबांच्या डोळ्यांदेखत बेशुद्ध झाला आणि दहा दिवसांनी मरण पावला. त्यानंतर या खेळाला पूर्वीसारखे घरात घेण्यास लोक कचरू लागले.

दुसरा घाव अधिक खोल होता आणि तो महाविद्यालयांतून आला. १९३० नंतरच्या काळात अमेरिकन विद्यापीठांतून मुष्टियुद्ध हा मानाचा खेळ होता. त्याच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धा होत. १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचा चार्ली मोर हा विद्यार्थी अशाच एका स्पर्धेतील लढतीनंतर मेंदूतील रक्तस्रावाने दगावला आणि आंतरविद्यापीठीय अजिंक्यस्पर्धा कायमच्या बंद झाल्या. फुटबॉल आणि बास्केटबॉल मात्र विद्यापीठांत राहिले, वाढले आणि श्रीमंत झाले. खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती, शिष्यवृत्तीच्या बळावर पदवी आणि त्यापुढे व्यावसायिक संघातील लठ्ठ पगार, असा एक राजमार्ग तयार झाला. सव्वासहा फूट उंचीच्या आणि शंभर किलो वजनाच्या चपळ मुलाला शाळेत असतानाच फुटबॉलचा प्रशिक्षक गाठू लागला. पूर्वी जो मुलगा पोलिसांच्या व्यायामशाळेच्या पायऱ्या चढला असता, तो आता विद्यापीठाच्या फाटकातून आत गेला.

हे कारण केवळ तर्काचे नाही, याचा पुरावा अमेरिकन मुष्टियुद्धातच सापडतो. हलक्या वजनाच्या गटांत अमेरिकेचा ऱ्हास झाला आहे, असे म्हणता येत नाही. पन्नास लढतींत अपराजित राहिलेला फ्लॉइड मेवेदर अमेरिकन, आणि तीन वेगवेगळ्या वजनी गटांत सर्व पट्टे एकत्र करणारा टेरेन्स क्रॉफर्डही अमेरिकन. तिसरा गट त्याने २०२५ च्या सप्टेंबरात जिंकला. पाच-साडेपाच फूट उंचीच्या मुलाला फुटबॉल आणि बास्केटबॉल घेत नाहीत. त्याला मुष्टियुद्धाचे दार अजूनही मोलाचे वाटते. गळती लागली ती नेमकी त्या गटाला, ज्या गटातील शरीरांना दुसरीकडे मागणी होती. आणखी एक उदाहरण बोलके आहे. २०१५ मध्ये अमेरिकेला हेवीवेटचा पट्टा परत मिळवून देणारा अलाबामाचा डिऑन्टे वाइल्डर हा मूळचा फुटबॉल-बास्केटबॉलची स्वप्ने पाहणारा. मुलीच्या आजारपणामुळे पैशाची निकड निर्माण झाली, म्हणून विशीत त्याने प्रथम मोजे चढविले, आणि अवघ्या तीनेक वर्षांत, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच्यासारखे आणखी किती जण फुटबॉलच्या मैदानात राहून गेले असतील, याची कल्पनाच करावी.

मग असे असता १९६४ ते १९९० हा काळ अमेरिकन हेवीवेटचा सुवर्णकाळ कसा ठरला? अली, फ्रेझर, फोरमन, होम्स, टायसन, होलिफील्ड ही मालिका कोठून आली? याची कारणे दोन. झाडाचे मूळ सुकले तरी पाने काही काळ हिरवी राहतात. जुने वस्ताद, जुन्या व्यायामशाळा आणि वस्त्यांतील विपन्नता एकदम नाहीशी झालेली नव्हती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून पुष्कळदा विसरले जाते. या काळात निम्मे जग रिंगणाबाहेर उभे होते. सोव्हिएट युनियन १९५२ मध्ये ऑलिंपिकमध्ये उतरले आणि त्याने व पूर्व युरोपातील देशांनी शासकीय क्रीडाशाळांतून मुष्टियोद्धे घडविले. पण पैशासाठी लढण्याची त्यांना मुभा नव्हती. क्रांतीनंतरच्या क्यूबातही व्यावसायिक खेळ बंद करण्यात आले. क्यूबाच्या तिओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. वाटेत त्याने ड्युएन बॉबिक आणि जॉन टेट या अमेरिकन आशास्थानांना धूळ चारली. अलीशी लढण्यासाठी त्याच्यापुढे मोठमोठ्या रकमा ठेवण्यात आल्या. त्याने त्या नाकारल्या. अली आणि स्टीव्हन्सन यांच्यात कोण श्रेष्ठ, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला. अमेरिकेचे वर्चस्व खरे होते. पण ते निम्म्या दरवाजांना कुलूप असलेल्या घरातील वर्चस्व होते.

१९८९ नंतर ती कुलपे निघाली. सोव्हिएट युनियन कोसळले आणि शासकीय शाळांत तयार झालेली एक संपूर्ण पिढी पश्चिमेकडे निघाली. तिचे अग्रणी म्हणजे क्लिच्को बंधू. सोव्हिएट हवाई दलातील एका अधिकाऱ्याचे हे दोन मुलगे. थोरला व्हिताली किरगिझियात आणि धाकटा व्लादिमीर कझाकस्तानात जन्मलेला. दोघेही साडेसहा फुटांच्या घरातले, आणि दोघांनीही क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. व्लादिमीरने १९९६ मध्ये अमेरिकेच्याच भूमीवर, अटलांटा येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी दोघे भाऊ हॅम्बुर्ग येथे व्यावसायिक झाले. त्यांनी जर्मनीतील स्टेडियमे भरविली आणि अमेरिकन आव्हानवीरांना तेथे बोलावून एकेकाला हरविले. व्लादिमीर २००६ पासून २०१५ पर्यंत अढळ राहिला. त्याला पदच्युत करणारा फ्युरी इंग्रज, आणि २०१७ मध्ये वेम्बलीच्या स्टेडियमवर नव्वद हजार प्रेक्षकांसमोर त्याला पाडणारा अँथनी जोशुआही इंग्रजच. ब्रिटनने राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून आपल्या हौशी मुष्टियोद्ध्यांना वर्षभर सांभाळण्याची व्यवस्था केली होती, आणि जोशुआ हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा विजेता त्या व्यवस्थेतून आलेला होता. एके काळी ज्या देशातून हे अजिंक्यपद बाहेर गेले, त्या देशात ते पुन्हा येऊन गेले.

अमेरिकेत मात्र शिडीच्या खालच्या पायऱ्या निखळत गेल्या. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अमेरिकन मुष्टियोद्ध्यांनी पाच सुवर्णपदके मिळविली होती. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे, रशिया आणि क्यूबा गैरहजर असताना, नऊ मिळविली. २००४ मध्ये आंद्रे वॉर्डने मिळविलेल्या सुवर्णपदकानंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकाही अमेरिकन पुरुषाला ते साधले नाही. २०१२ मध्ये तर अमेरिकेच्या पुरुषांना एकही पदक मिळाले नाही. त्याच लंडनमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच प्रवेश झाला, आणि फ्लिंट या ओस पडत चाललेल्या मोटार-कारखान्यांच्या शहरातील सतरा वर्षांच्या क्लॅरिसा शील्ड्सने सुवर्णपदक जिंकले. जुनी शिडी अजून उभी होती. तिच्यावर चढणारे पाय तेवढे निराळे होते.

याच काळात अजिंक्यपदाचीही शकले झाली. पूर्वी जगज्जेता एक असे. आता चार संघटना, चार पट्टे आणि चार जगज्जेते झाले. १९९२ मध्ये रिडिक बो याने आपला एक पट्टा वृत्तपत्रकारांसमोर कचऱ्याच्या पिंपात टाकला. तो रागाचा आविर्भाव होता. पण पदाची प्रतिष्ठा कोठवर आली आहे, हे त्याने नकळत दाखवून दिले. मोठ्या लढती पाहण्यासाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागू लागले आणि गरीब वस्तीतील ज्या मुलाने त्या पाहून मोजे चढविले असते, त्याच्या नजरेआड हा खेळ गेला.

एवढा सगळा वृत्तांत ऐकल्यावर शेवटी एक प्रश्न उरतो. या ऱ्हासाबद्दल खेद मानावा की समाधान? मुष्टियुद्धाची किंमत काय असते, हे लपून राहिलेले नाही. डोक्याला सतत बसणाऱ्या ठोशांनी माणसाची बुद्धी, वाणी आणि चाल कशी बिघडते, याचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच केले होते. जो लुईने महायुद्धात आपल्या दोन लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधीला दिली. तरी कराच्या थकबाकीने त्याला आयुष्यभर पिळले आणि उतारवयात तो लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करीत उभा राहिला. ज्याच्या वाणीने जग हसविले आणि हादरविले, त्या अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन विकाराचे निदान झाले आणि हळूहळू त्याची वाणीच हरपली. अशा सिंहासनाकडे आपली मुले धावत नाहीत, म्हणून एखाद्या राष्ट्राने डोळ्यांत पाणी आणण्याचे कारण नाही. आयरिशांनी ते सोडले, ज्यूंनी सोडले, इटालियनांनी सोडले. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एवढाच होता, की त्या समाजाला अधिक चांगले दार सापडले.

परंतु हिशोब येथेच पुरा होत नाही. फुटबॉलचे दारही निर्धोक नाही. त्या खेळातील आघातांनीही मेंदू झिजतो, हे २००२ पासून झालेल्या संशोधनाने सिद्ध केले आहे. शिवाय ते दार धिप्पाड, चपळ आणि शाळेत टिकलेल्या मुलांसाठीच उघडते. जो मुलगा शाळेतून बाहेर पडला, जो सुधारगृहात गेला, ज्याच्यासाठी कोणताही प्रशिक्षक फाटकाशी उभा नाही, त्याच्यासाठी पूर्वी गल्लीच्या टोकाला निदान एक व्यायामशाळा होती. तेथे एक म्हातारा वस्ताद होता, जो त्याला नावाने हाक मारी, वेळेवर यावयास लावी आणि रागाला शिस्त शिकवी. त्या शेकडो मुलांपैकी जगज्जेता क्वचितच कोणी झाला. पण पुष्कळ जण तुरुंगाच्या वाटेवरून परतले. अजिंक्यपद युक्रेनला गेले, इंग्लंडला गेले, उद्या आणखी कोठे जाईल. ते कोणत्याच भूमीत कायमचे मुक्काम करीत नाही. अमेरिकेने खरोखर काय गमावले, हे त्या पट्ट्यांकडे पाहून कळणार नाही. ते कळेल बंद पडलेल्या त्या व्यायामशाळांच्या दाराशी, जेथे आता मुलांना हाक मारणारे कोणी उरलेले नाही.